दाजींच्या बॅटरीचे एकोणपन्नास टक्के

तळ्याकाठून, मंगळवार, दुपारचे अडीच
(घड्याळ घरगाडीतलं आहे, तेव्हा पाच-दहा मिनिटं इकडेतिकडे धरा.)

आदरणीय दाजी,

तुमच्या धाकट्या मेहुण्याचा वाकून नमस्कार. (कंबर जेवढी वाकते तेवढाच वाकलो आहे, उरलेला मनातल्या मनात पुरा केला आहे.) आक्कालाही नमस्कार सांगा आणि तिचा गुडघा आता जिना चढू देतो का ते कळवा. तुमची तब्येत कशी आहे? रक्तदाबाची सकाळची गोळी घेतलीत ना? घेतली नसेल तर आधी उठून घ्या, वर अर्धा पेला पाणी प्या, आणि मग पुढे वाचा. घाई काही नाही. मी इथेच बसलो आहे.

सगळ्यात आधी तुमच्या जिवाला घोर नको म्हणून सांगून टाकतो, की तुमची घरगाडी धडधाकट आहे. दोन्ही चाकं जागच्या जागी आहेत, काचा शाबूत आहेत, मोटारीला जोडायचा आकडा वाकलेला नाही, आणि दार पूर्वीसारखंच लाथ मारल्याशिवाय बसत नाही. (ते आमच्या ताब्यात येण्याआधीपासूनच तसं होतं, आक्का साक्षीला आहे.) फोन न करता पत्र का लिहितोय, असं तुमच्या मनात आलं असेल. इथे फोनला रेंज नाही. मागच्या टेकाडावर चढलं की एक दांडी येते, पण टेकाड चढून धापा टाकत तुमची बोलणी खायची, एवढी आता छाती राहिलेली नाही. शेजारच्या बाई उद्या तुमच्या गावात जाणार आहेत, त्यांच्या हाती पत्र देतो. म्हणजे आम्ही शुक्रवारी परतायच्या आत ते तुम्हाला मिळेल आणि राग येऊन ओसरायला तुमच्याकडे एक अख्खा दिवस राहील.

आमच्या घरची अडचण तुम्हाला ठाऊक आहेच, पण हे पत्र आक्काही वाचणार आणि तुम्ही तिला नेहमी निम्म्याच गोष्टी सांगता, म्हणून पुन्हा लिहितो. आमच्या हिचा झोपेत श्वास अडकतो. दोन वर्षांपूर्वी डॉक्टरांनी तिला मशीन दिलं. नाकावर मुखवटा, मुखवट्याला नळी, नळीला डबा आणि डब्याला वायर. रात्रभर ते तिला हवा देत राहतं आणि ही शांत झोपते. एक रात्रसुद्धा चुकवायची नाही, असं डॉक्टरांनी बोट नाचवून बजावलं, आणि तेव्हापासून ही बाई घराबाहेर एक रात्र राहिलेली नाही. भाचीच्या लग्नाला गेलो, संध्याकाळी परत. बहिणीकडे गेलो, संध्याकाळी परत. परक्या घरात तो मुखवटा लावून निजायची लाज वाटते म्हणे. (वाचनालयात पस्तीस वर्षं लोकांना ‘शू’ करून गप्प बसवलं आणि आता स्वतः रात्रभर ‘शू’ करत झोपते, हा विनोद मी एकदा केला होता. एकदाच.) पाण्याकाठी खुर्ची टाकायची, पाय पाण्यात सोडायचे आणि एक जाडजूड पुस्तक पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचायचं, एवढीच तिची हौस. तिच्यासारख्या बाईनं एवढीशी हौससुद्धा मारून टाकावी, हे मला दोन वर्षं डाचत होतं.

तुम्ही घरगाडी देऊ केलीत तेव्हा ती तयार झाली, पण अट घालून. आठ रात्री राहू, म्हणाली, पण मशीन एक रात्र जरी बंद पडलं तर सकाळी उठून थेट घर, आणि पुन्हा जन्मात बाहेर राहायचं नाव काढायचं नाही. मी म्हटलं, अगं, दाजींची बॅटरी आहे ती, चेष्टा आहे का! (बघा, तुमच्यावर माझा केवढा विश्वास. पुढची पानं वाचताना हे वाक्य जवळ ठेवा.)

वीजजोडणी असलेल्या जागा इथे होत्या, नाही असं नाही. फाटकाजवळ ओळीनं खांब, खांबाला प्लग, आणि एका गाडीला चिकटून दुसरी, अशी की शेजाऱ्याचा टीव्ही आपल्या उशाशी. हिनं एक नजर टाकली आणि म्हणाली, यापेक्षा आपल्या इमारतीचं पार्किंग काय वाईट होतं? म्हणून आम्ही पार पलीकडे, तळ्याच्या काठाला, जिथे ना खांब ना प्लग, तिथे गाडी लावली. तिथे वीज म्हणजे तुमच्या दोन बॅटऱ्या, आणि त्यांना दिवसभर खाऊपिऊ घालणारं छपरावरचं सौर पॅनेल. बाकी कोणी वाली नाही.

आता मला खोळीकडे यावं लागेल. दाजी, मी चाळीस वर्षं खोळी शिवल्या. सोफ्यांच्या शिवल्या, गाद्यांच्या शिवल्या, मोटारीच्या सीटांच्या शिवल्या, एकदा एका पियानोची शिवली. उघडी वस्तू दिसली की मला कसंतरीच होतं, कोणी घाईघाईत टॉवेलवर बाहेर आल्यासारखं. आमच्या घरात मिक्सरला खोळ आहे, टीव्हीला खोळ आहे, टीव्हीच्या रिमोटला खोळ आहे, आणि हिच्या प्रवासी बॅगेच्या खोळीवर धूळ बसू नये म्हणून तिला एक घरात वापरायची वेगळी खोळ आहे. तेव्हा किल्ली देताना तुम्ही घरगाडीतल्या कपाटाच्या दारावर चिकटवलेले लाल शाईतले तुमचे पंधरा नियम मला वाचून दाखवलेत, आणि त्यातला सातवा, ‘पॅनेल जपावे, काच आहे, ओरखडा चालणार नाही’, हा दोनदा वाचलात, तेव्हाच माझे हात शिवशिवायला लागले. घरगाडी आमच्या दारात आली तशी मी शिडी लावली आणि माप घेतलं. दोन दिवसांत खोळ तयार! बदामी रंगाचा जाड कॅनव्हास, कडेनं तपकिरी पाइपिंगची किनार, वाऱ्यानं फडफडू नये म्हणून चारी बाजूंनी मिळून चोवीस हुक, आणि तरीही भरवसा नको म्हणून आतून नाडी. काय बसली होती म्हणून सांगू! कुठे एक सुरकुती नाही. येताना रस्ता खडीचा होता, पण काचेला एक खडा शिवला नाही. पोचल्यावर ती काढून ठेवायची, एवढं माझं पक्कं ठरलेलं होतं.

तर पोचलो. गुरुवारी दुपारी पोचलो, जॅक लावून गाडी पातळीत आणली, खुर्च्या मांडल्या आणि चहा केला. ही पाय पाण्यात सोडून पहिलं पान उघडून बसली आणि मी तिच्याकडे बघत बसलो. बॅटरीच्या मीटरवर शंभर होते. रात्री मशीन लावलं, ते गुपचूप चालू झालं, आणि मी तुमच्या नावानं एक नमस्कार केला. शुक्रवारी सकाळी मीटर बघितला तर चौऱ्याऐंशी. म्हटलं, ठीकच आहे, रात्रभर काम केलंय बिचारीनं, आता दिवसभर ऊन खाईल आणि संध्याकाळी पुन्हा शंभर. संध्याकाळी बघतो तर त्र्याऐंशी. शनिवारी सकाळी एकाहत्तर. आभाळ निरभ्र, ऊन असं की खुर्चीच्या लोखंडावर हात टेकवत नाही, आणि बॅटरी मात्र उपाशी!  आणि तुमचा चौथा नियम तर मला तोंडपाठ होता. ‘बॅटरी निम्म्याच्या खाली नेऊ नये. नेल्यास मला तोंड दाखवू नये.’

मग मी चोर शोधायला निघालो. पहिला संशय फ्रिजवर. तो गॅसवर चालतो असं तुम्ही सांगितलं होतंत, पण आत एक दिवा लागतो ना? तो काढला. मग पाण्याचा पंप. नळ उघडला की तो घुर्र करतो, म्हणजे वीज खाणारच. तो बंद केला आणि तळ्यावरून बादलीनं पाणी आणायला लागलो. (हिला सांगितलं व्यायाम करतोय.) मग दिवे. संध्याकाळ झाली की मी एकेका बटणावर हात ठेवून फिरायचो, आणि ही वाचनाचा दिवा लावायला गेली की मी असा काही उसासा टाकायचो की ती मुकाट्यानं दाराशी जाऊन उरल्यासुरल्या उजेडात वाचायची. मोबाइल चार्ज करणं बंद. हिनं केस वाळवायचं यंत्र पिशवीतून नुसतं बाहेर काढलं तर मी ते असं हिसकावून घेतलं की तिनं विचारलं, अहो, तुम्हाला नक्की बरं वाटतंय ना? शनिवारी दुपारी मोटार घरगाडीला जोडून तासभर नुसती चालू ठेवली. एक टक्का वाढला, तळ्यावरची सगळी बदकं पलीकडच्या काठाला निघून गेली, आणि हिनं पुस्तक मिटून माझ्याकडे जे बघितलं, ते वाचनालयात मोठ्यानं बोलणाऱ्यांनी बघितलेलं असणार.

एवढं करून भागेना, तेव्हा वाटलं पॅनेलची दिशाच चुकत असेल. शनिवारी संध्याकाळी घरगाडी पूर्वेकडे वळवली. रविवारी सकाळी दक्षिणेकडे. रविवारी दुपारी, पश्चिमेकडे. दर वेळी जॅक उतरवा, आकडा जोडा, पुढे घ्या, मागे घ्या, पुन्हा पातळी बघा, पुन्हा जॅक. तिसऱ्या खेपेला हिनं चहाचा कप हातातून खाली ठेवायचंसुद्धा सोडून दिलं, तो धरूनच ती आत बसून राहिली आणि म्हणाली, फिरून झालं की सांगा, मग पिते. आणि दाजी, तुमचा आठवा नियम, ‘पॅनेल रोज पुसावे’, हा मी एक दिवस चुकवलेला नाही. रोज सकाळी शिडी लावून वर चढायचो आणि मऊ फडक्यानं पॅनेल कोपऱ्याकोपऱ्यातून लख्ख पुसायचो, पाइपिंगच्या खाचेत बोट घालून. खाली उतरलो की मीटरवर एक टक्का कमी.

रविवारी संध्याकाळी मीटरवर अठ्ठावन्न होते. एका रात्रीला बारा-तेरा टक्के जात होते, म्हणजे सकाळी पंचेचाळीस-सेहेचाळीस. निम्म्याच्या खाली! एकीकडे तुमचा चौथा नियम आणि दुसरीकडे हिची अट. मशीन लावलं तर तुम्हाला तोंड दाखवायला जागा नाही, नाही लावलं तर सोमवारी सकाळी घर, आणि ही उरलेलं सगळं आयुष्य संध्याकाळी परत येण्यात घालवणार. मी बराच वेळ काठावर येरझारा घातल्या. हिचं पुस्तक निम्म्यावर आलं होतं. तिनं नेहमीप्रमाणे बसची जुनी तिकिटं खुणेला घातली नव्हती, चक्क काठावरच्या झाडाचं एक पान घातलं होतं. ते बघून मी ठरवलं की दाजी रागावले तर रागावले, आपले दाजी आहेत, वर्षभरात बोलायला लागतील. आणि मशीन लावलं. खोटं कशाला सांगू, मला तुमची भीती वाटते, दाजी, लग्नात तुम्ही माझा फेटा सरळ केलात तेव्हापासून वाटते. पण त्या दिवशी तिची जास्त वाटली. म्हणजे तिची नाही, तिच्यासाठी.

समजा मध्येच बंद पडलं तर काय, म्हणून मी खुर्ची घेऊन तिच्या बिछान्याशेजारी बसलो. श्वास अडकला की खांदा हलवायचा, एवढंच तर काम. रात्रभर टक्क जागा होतो. (मध्ये पाच मिनिटं डोळा लागला असेल तर असेल.) सकाळी मान जरा आखडली होती, पण ही माझ्या आधी उठून, मशीन नीट गुंडाळून पिशवीत ठेवून, चहा करून बसली होती. मी मीटरकडे धावलो. एकोणपन्नास! माझ्या हिशेबापेक्षा तीन-चार टक्के जास्तच. आता दाजी, एकोणपन्नास हे निम्म्याच्या खाली आहे हे मी मान्य करतो, पण एकाच टक्क्यानं आहे, आणि तुमच्यासारख्या दिलदार माणसानं एका टक्क्यावरून मेहुण्याचं तोंड बघायचं सोडू नये, अशी माझी विनंती आहे.

सोमवारी सकाळी, मी फडकं घेऊन शिडी चढायच्या बेतात असतानाच शेजारच्या बाई सहज आमच्याकडे आल्या. तीस वर्षं शहरबस चालवून त्या निवृत्त झाल्या आहेत आणि आता एका जुन्या व्हॅनमध्ये राहतात. (अजूनही दारात कोणी घोटाळलं की ‘आत सरका, आत सरका’ म्हणतात.) कमरेवर हात ठेवून त्यांनी आमच्या छपराकडे बघितलं आणि विचारलं, “पॅनेल कुठंय तुमचं?”

“वर आहे की,” मी म्हटलं.

“वर तर गादी दिसतेय.”

“गादी नाही हो, खोळ आहे. पॅनेलची,” मी जरा अभिमानानंच म्हटलं. “मी शिवली.”

बाईंनी शिडीकडे बघितलं, माझ्या हातातल्या फडक्याकडे बघितलं. मग फार सावकाश, एखाद्या उतारूला चुकीच्या बसमधून उतरवावं तशा आवाजात म्हणाल्या, “अहो, मग आत ऊन कुठून जातं?”

दाजी, आता तुम्ही उठून उभे राहिला असाल. बसा. माझी बाजू ऐकून घ्या. मला सौर पॅनेल म्हणजे काय ते कळतं, त्याला ऊन लागतं हेही कळतं. खोळ काढायची हेसुद्धा मला माहीत होतं. पण चाळीस वर्षांची सवय आहे हो! आमच्या धंद्यात खोळ पुसली की सोफा पुसला. वर चढलो, बदामी कॅनव्हास दिसला, माझीच शिलाई दिसली, कसं छान झाकलेलं आहे म्हणून मनाला गार वाटलं, पुसलं आणि उतरलो. दोन दिवस मी तीन दिशांना घरगाडी फिरवली, पण खोळीखाली बघायचं काही सुचलं नाही. उघडं दिसलं असतं तर लगेच खटकलं असतं. झाकलेलं काय खटकणार?

चोवीस हुक काढायला वीस मिनिटं लागली. नाडीची गाठ सुटेना, शेवटी कात्रीनं कापली. (स्वतः घातलेली गाठ स्वतः कापण्याचं दुःख तुम्हाला कळायचं नाही.) खोळ बाजूला केली आणि तुमचं पॅनेल काळंभोर, नवंकोरं, ओरखडाच काय, धुळीचा कण नाही असं समोर आलं. सातवा नियम मी कसा पाळला ते तुम्ही स्वतः येऊन बघा. मीटरचा आकडा माझ्या डोळ्यांदेखत वर सरकायला लागला आणि खाली ही हसायला लागली. आधी तोंडावर पुस्तक धरून हसली, मग पुस्तक बाजूला ठेवून हसली, मग डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. पाणी पुसून माझ्याकडे बघितलं की पुन्हा सुरू. दोन वर्षांत मी तिला असं हसताना ऐकलं नव्हतं. तेवढं ऐकायला मिळणार असेल तर मी आणखी चार ठिकाणी खोळी घालायला तयार आहे.

बसवाल्या बाई मोठ्या हुशार आहेत. त्यांनी आत येऊन बाकीचीही झडती घेतली. मशीनच्या डब्यात हवा दमट ठेवायला पाणी गरम करायची सोय आहे ना, ती सगळ्यात जास्त वीज खाते म्हणे. ती बंद केली. दुसरं म्हणजे, बॅटरीची वीज आधी इन्व्हर्टरमध्ये घालून घरच्यासारखी करायची आणि मशीननं ती पुन्हा बॅटरीसारखी करून घ्यायची, हा द्राविडी प्राणायाम कशाला? मशीनला थेट बॅटरीवर चालायची वेगळी वायर असते, असं त्या म्हणाल्या. आमच्याकडे नाही, असं मी ठासून सांगितलं. मग हिनं मशीनच्या पिशवीच्या तळातून एक छोटी निळी थैली काढली, तिची चेन उघडली आणि आत ती वायर. दोन वर्षं पडून होती. थैली मीच शिवलेली, त्यामुळे आत काय आहे ते कोणी उघडून बघितलंच नव्हतं. 

काल संध्याकाळी मीटरवर चौऱ्याहत्तर होते. रात्रभर मशीन चाललं आणि सकाळी एकोणसत्तर. पाच टक्के, दाजी, नुसते पाच! आता दुपारी अडीच वाजता नव्वद आहेत आणि ऊन अजून भरपूर शिल्लक आहे. पंप चालू आहे, फ्रिजमधला दिवा परत बसवला आहे, आणि सकाळी हिनं केस वाळवले तेव्हा मी शेजारी उभा राहून कौतुकानं बघितलं. बदकं परत आली आहेत. ही समोर खुर्चीत आहे, पाय पाण्यात, पुस्तकाची शंभरेक पानं राहिली आहेत, आणि मधूनमधून ती एखादं वाक्य मला वाचून दाखवते. मी हूं म्हणतो. मागचंपुढचं मला काही माहीत नाही, पण ऐकायला बरं वाटतं. इतकं निवांत मला कधी वाटल्याचं आठवत नाही. तुमची घरगाडी नसती तर हे झालं नसतं, हे मी रागवायच्या आधीच कबूल करून ठेवतो. म्हणजे तुम्ही रागवायच्या आधी.

आक्काची काळजी घ्या, गुडघ्याला शेक द्या, आणि गोळी घेतलीत का ते पुन्हा एकदा बघा. लहानांना द्यायचे आशीर्वाद घ्यायला तिथे कोणी नाही, म्हणून सगळा आदर तुम्हा दोघांकडेच पाठवतो, वाटून घ्या.

तुमचा,
शुक्रवारी तोंड दाखवायला येणारा,
मेहुणा

ता. क. कपाटाच्या दारावर सोळावा नियम लिहायचा मोह तुम्हाला होईल. कृपा करून लिहू नका. तो मला कळला आहे, आणि तुमची घरगाडी दुसऱ्या कोणी नेली तर तो वाचून विचारेल की असं करणारा कोण होता.

ता. क. २. आता खरं काय ते लिहितो, कारण त्यासाठीच एवढी पानं घातली. पुढच्या वर्षी याच आठवड्यात घरगाडी पुन्हा मिळेल का? हिनं विचारायला सांगितलेलं नाही. पण काल पुस्तकातून डोकं वर न काढता ती म्हणाली, “पुढच्या वर्षी आलो की ती पलीकडची जागा घेऊ, तिथे सावली उशिरा येते.” दोन वर्षांत ही बाई ‘पुढच्या वर्षी’ म्हणाली नव्हती, दाजी. तुम्ही नाही म्हणालात तर मी तिला काय सांगू?

ता. क. ३. (हे अक्षर माझं, म्हणजे ‘हिचं’, आहे. पाकीट चिकटवायचं काम माझ्याकडे असतं, म्हणून एवढी जागा मिळाली.)

दाजी, नमस्कार. पत्र मी वाचलं. खोळीचं सगळं खरं आहे, पण एका रात्रीला दुरुस्ती लागेल. रविवारी रात्री मशीन बंद पडलं होतं. पावणेतीनला तुमचा इन्व्हर्टर टूं टूं करून ओरडला आणि गप्प झाला. बॅटरी निम्म्याखाली गेली की बंद पडायचं तुम्हीच त्याला शिकवलेलं असणार. ते जास्तीचे तीन टक्के तिथे वाचले. पहारेकरी खुर्चीत गाढ झोपले होते. मी मुखवटा काढला, मशीन पिशवीत भरलं आणि मनाशी म्हटलं, संपलं, आता उजाडलं की घर. मग त्यांचं घोरणं थांबलं. मला वाटलं, जागे झाले. जागे नव्हते. श्वासच थांबला होता. मी आकडे मोजायला लागले, एकवीसपर्यंत मोजले, तेव्हा कुठे एक आचका देऊन तो परत सुरू झाला. आणि थोड्या वेळानं पुन्हा तेच. माझ्याबद्दल डॉक्टरांनी जे जे सांगितलं होतं, ते सगळं माझ्यासमोर खुर्चीत बसलं होतं. मी दोन वर्षं कानाशी त्या मशीनचा आवाज घेऊन झोपते, मला कधी ऐकूच आलं नव्हतं. फार घाबरले होते. उजाडेपर्यंत शेजारी बसून त्यांचा खांदा हलवत राहिले.

घरी जायची अट मी घातली होती, मीच मोडली. सकाळी बसवाल्या बाईंकडे मी गेले होते. त्या सहज आल्या नव्हत्या. त्यांच्याबरोबर टेकाडावर चढून डॉक्टरांची येत्या सोमवारची वेळही घेऊन ठेवली आहे. तोपर्यंत त्यांना कुशीवर झोपवायचं आणि पाठीला उशी लावायची, असं डॉक्टरांनी सांगितलं. काल आखडलेल्या मानेचं निमित्त सांगून तसं केलं, बराच फरक पडला.

पुढच्या वर्षी गाडी द्यालच, मला माहीत आहे. पण दोन मशीनं रात्रभर चालतील एवढी बॅटरी लागेल, ती आतापासून बघून ठेवा.

त्यांना अजून काही सांगितलेलं नाही. इथल्या आणखी तीन रात्री आहेत. तेवढ्या त्यांना वाटू दे, की पहारा तेच देताहेत.